जरा बघ, आलोच

१

मल्लेश दासरीला रोज जाग यायची ती मागांच्या आवाजाने. घरात माग नव्हता. कारखाना सोडून अकरा वर्षं झाली होती, आणि ज्या शेडमध्ये त्याची उमेदीची वर्षं गेली तिथे आता मंगल कार्यालय उभं होतं. पण चाळीस वर्षं यंत्रमागांच्या दणदणाटात काढली की तो आवाज माणसाचे कान घेऊन जातो आणि स्वतः मात्र मागे राहतो. बाहेरचं ऐकायला मल्लेशला कानात मशीन घालावं लागायचं. आतलं मात्र चोवीस तास ऐकू यायचं. खटाक-खट, खटाक-खट.

डॉक्टर म्हणाले होते, कान गेला की मेंदू रिकामा बसत नाही, आपला आपणच आवाज करत राहतो. त्याला इलाज नाही, सवय करा. मल्लेशने मान डोलावली आणि घरी आला.

एक गोष्ट मात्र त्याने डॉक्टरला सांगितली नाही. काशम्मा, त्याची बायको, जिवंत होती तेव्हा तिलाही सांगितली नव्हती. जुन्या विणकराला नुसत्या आवाजावरून माग मोजता येतात. त्याच्या कानात आठ माग चालत होते, आणि त्याने जन्मभर चारच चालवले होते. उरलेले चार कुणाचे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याची एकुलती एक मुलगी राजश्री शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नव्हतं, त्याची तिला खंत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मल्लेशलाही नव्हती. बाप-लेक दोघंच. म्हातारपणी त्याच्या वाट्याला जे काही सुख होतं ते एवढंच होतं, आणि ते हातचं जाईल या भीतीनेच तो अर्धा म्हातारा झाला होता.

"नाना, घाटाकडं एक राखीव जंगल आहे," ती एका रविवारी म्हणाली. "लई जुनं. कधी तोडच झाली नाही म्हणे. आत बोलायची पण बंदी. तुमच्या कानाला जरा आराम पडंल की."

"आरामासाठी डोंगर कशाला चढायचा? हितंच मशीन काढून ठेवतो की."

"मशीन काढून तुमाला फक्त माझी बडबड ऐकू येत नाही. तेवढाच आराम."

मल्लेश हसला आणि तिथेच फसला. हसला म्हणजे हो म्हणाला, असं राजश्री लहानपणापासून धरून चालायची.

२

आदल्या दिवशी दुपारी सोलापूरहून निघून त्यांनी साताऱ्याला मुक्काम केला आणि सकाळी घाटाची वाट धरली. गाडी राजश्री चालवत होती. मल्लेशच्या मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी, अंगावर चादर. निळ्या काठाची ती चादर त्याने कारखान्याच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्याच एका मागावर विणून घेतली होती. डोंगरात गारठा असतो म्हणून राजश्रीनेच ती त्याच्या खांद्यावर टाकली होती.

"नाना, ती खूण आठवते का?" तिने पाची बोटं जुळवून तोंडापाशी नेली.

"डबा आणलाय," मल्लेश म्हणाला.

न आठवून कसं चालेल? शेडमध्ये हाक मारून उपयोग नसायचा, तोंडाशी तोंड लावलं तरी ऐकू जायचं नाही. मग सगळा कारभार हातांनी. नऊ वर्षांची राजश्री डबा घेऊन दारात उभी राहायची आणि तोंडापाशी बोटं न्यायची. तिला सगळ्या खुणा पाठ होत्या. मल्लेशच्या शेजारच्या मागांवर गुरप्पा असायचा. तो मैंदर्गीचा, घरी कन्नड बोलणारा. मल्लेशच्या घरात तेलुगू. मराठी दोघांनाही बाजारापुरती. हातांनी मात्र दोघं तासन्‌तास बोलायचे, एकमेकांची चेष्टा करायचे, मालकाला शिव्यासुद्धा हातानेच घालायचे.

सगळ्यात जास्त लागायची ती एक खूण. तर्जनी आणि मधलं बोट आधी आपल्या डोळ्यांपाशी न्यायचं, मग आपल्या मागांकडे वळवायचं. म्हणजे, जरा बघ, आलोच. शेजाऱ्याने मूठ छातीवर टेकवली की ठरलं. मग तो परत येईपर्यंत शेजाऱ्याने जागा सोडायची नाही. चहा नाही, बिडी नाही, लघवीसुद्धा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी कधी मोडलेला नव्हता. राजश्रीला त्या खुणेची गंमत वाटायची. दारात उभी राहून ती आपली छोटी मूठ छातीवर टेकवायची आणि गुरप्पा हसून हसून बेजार व्हायचा.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी दहा वाजता मल्लेशने गुरप्पाला ती खूण केली. गुरप्पाने मूठ छातीवर टेकवली. मल्लेश गेला तो दुसऱ्या कारखान्यात, मुकादमाची जागा होती म्हणून बोलायला. दहा मिनिटांचं काम. पण तिथल्या मालकाने चहा दिला, मग जेवायला घातलं, मग म्हणाला, आजपासूनच उभा राहा. आणि मल्लेश उभा राहिला. गुरप्पा वाट बघत असेल हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. बघेल अजून तासभर, असं तो दर तासाला म्हणत राहिला.

गुरप्पा संध्याकाळी सहापर्यंत आठ माग एकट्याने सांभाळत होता. उपाशी. सहाच्या सुमाराला त्याचा उजवा हात चाकाच्या दात्यांत गेला. तर्जनी आणि मधलं बोट.

जुन्या मालकाने गुरप्पाला विचारलं, तू दुसऱ्याच्या मागाला हात का लावलास? गुरप्पाने मल्लेशचं नाव सांगितलं. मल्लेशला बोलावणं आलं. कबूल करावं तर चालू माग टाकून पळालेला म्हणून सोलापुरात कुणी दारात उभं केलं नसतं. मल्लेश म्हणाला, "मी माग बंद करून गेलतो. खूण केलीच न्हाय." खुणेला आवाज नसतो, तिचा साक्षीदार कोण असणार? गुरप्पाला कामावरून काढलं. तीन बोटांच्या विणकराला कोण ठेवणार? काही महिने तो नुसता घरी बसला, मग मजुरांच्या एका टोळीबरोबर डोंगराकडे जंगलाच्या कामाला गेला. परत आला नाही. त्याची बायको अक्कम्मा मैंदर्गीला बरीच वर्षं वाट बघत होती, असं ऐकिवात होतं.

"गुरप्पाकाका पण हिकडंच कुठंतरी आले होते ना?" राजश्रीने गाडी वळणावर घेत विचारलं. "त्यांची बोटं कशी गेली हो नाना?"

आता सांगावं, असं मल्लेशला वाटलं. अगदी ओठांवर आलं. पण सांगितल्यावर लेकीच्या नजरेत काय उरेल, हे त्याला दिसलं आणि त्याची जीभ आपल्या जुन्या वळणावर गेली.

"मागाच्या चाकात. त्याचंच लक्ष न्हवतं," तो म्हणाला.

३

जंगलाच्या फाटकापाशी ईश्वर नावाचा वाटाड्या भेटला. चाळिशीचा, बुटका, खाली डोंगरपायथ्याच्या वाडीतला.

"बाबा, हितनं पुढं बोलायचं न्हाय," त्याने मल्लेशला सांगितलं. "मोबाईल बंद. पाऊण तासाची वाट हाय. मी म्होरं, मधी ताई, मागं तुमी. काय लागलं तर हात करायचा."

"त्यांना हातानंच बोलायची सवय आहे," राजश्री हसून म्हणाली.

मल्लेशने कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. आता बोलायचंच नाही तर बॅटरी कशाला जाळा.

आत पाऊल टाकलं आणि ऊन संपलं. सोलापूरच्या माणसाला झाड म्हणजे कडुनिंब, बाभूळ, फार तर रस्त्याकडेचा वड. इथे झाडाचं खोड कुठे संपतं आणि वेल कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. खोडांवर हाताच्या जाडीचं शेवाळ. वेली माणसाच्या मांडीएवढ्या, या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या. वरून पानांतून थेंब पडत होते आणि पाऊस तर नव्हता. खाली पाचोळा इतका की पाऊल पडल्याचं पायालाच कळत नव्हतं.

कानात आठ माग चालू होते. खटाक-खट, खटाक-खट. मल्लेश मनात म्हणाला, पोरीचे पैसे पाण्यात गेले, आराम काही पडत नाही.

आणि एका वळणावर चार माग बंद पडले.

तो थांबला. विणकर असा थांबतोच. माग बंद पडला की झोपेतसुद्धा त्याची मान तिकडे वळते. अकरा वर्षांत कानातला एकही माग कधी क्षणभर थांबला नव्हता, आणि आता चार थांबले होते. कुठले चार, ते त्याला ऐकताक्षणी कळलं. त्याचे स्वतःचे.

त्याने स्वतःला समजावलं. हवा बदलली, उंची वाढली, कानाला दडा बसला असेल. घाटात सगळ्यांनाच बसतो. त्याने नाक धरून आवंढा गिळला. काही फरक पडला नाही. उरलेले चार नीट, एका लयीत चालले होते, आणि आता ते डोक्यात वाजत नव्हते. ते उजवीकडून येत होते, झाडांमधून.

राजश्रीने मागे वळून भुवया उडवल्या. काय झालं? मल्लेशने हात हलवला. काही नाही. ती पुढे निघाली, आणि तोही निघाला, पण त्याची मान उजवीकडेच राहिली.

४

तीस-पस्तीस पावलांवर एक प्रचंड झाड होतं. त्याच्या बुंध्याला भिंतीसारखे पाख फुटलेले, आणि दोन पाखांच्या मधे माणूस उभा राहील एवढी जागा. तिथे माणूस उभा होता.

आधी मल्लेशला ते खोडच वाटलं. अंगावर शेवाळ होतं, किंवा शेवाळाच्या रंगाचं काहीतरी. चेहरा सावलीत होता. चोराच्या मनात चांदणं, असं मल्लेश स्वतःशी पुटपुटला. वाटेत गुरप्पाचं नाव निघालं, म्हणून आता प्रत्येक बुंध्यात तोच दिसणार. जंगलाचा राखणदार असेल. मजूर असेल. उभा असेल बापडा.

पण उभं राहण्याची तऱ्हा त्याला ओळखीची होती. एक पाय पुढे, कंबर किंचित वाकलेली, नजर डावीकडून उजवीकडे जाणारी आणि पुन्हा डावीकडे. चार माग सांभाळणारा माणूस असा उभा राहतो. जंगलात असं उभं राहायचं काही कारण नाही.

मल्लेशची पावलं मंदावली. राजश्री आणि त्याच्यात आता वीसेक पावलं पडली होती.

त्या माणसाची नजर उजवीकडून येता येता मल्लेशवर थांबली. त्याने उजवा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, ही दोन त्याने डोळ्यांपाशी नेली. मग शेजारच्या झाडांकडे वळवली.

खूण तीच होती. बोटं मात्र चुकीची होती. पण ज्याला खुणेची बोटंच उरली नाहीत, तो उरलेल्या बोटांनीच करणार.

इथे मल्लेशने मान फिरवायला हवी होती. धावत जाऊन लेकीचा हात धरायला हवा होता. शहाण्या माणसाने दुसरं काय करायचं असतं? पण चाळीस वर्षांची सवय शहाणपणाला विचारत नाही. समोरून ती खूण आली की हात आपोआप जातो. मल्लेशला कळायच्या आत त्याची मूठ वळली आणि छातीवर टेकली.

मग त्याला कळलं.

५

आठही माग एकदम सुरू झाले.

असा आवाज त्याने गेल्या अकरा वर्षांत ऐकला नव्हता. हा कानातला नव्हता. पायाखालची जमीन हादरत होती, शेडमधली फरशी हादरायची तशी. मल्लेशने आधारासाठी हात पुढे केला आणि तो ओल्या सालीवर पडला. तो झाडाच्या दोन पाखांमध्ये उभा होता. वाटेवरून इथवर आपण कधी चालत आलो, हे त्याला आठवेना.

गुरप्पा तिथे नव्हता.

दोनच मिनिटं, तो स्वतःला म्हणाला. तो जाऊन येईल. माणसाला जावं लागतंच की. त्याचे खांदे मात्र गार पडले होते. खांद्यावर चादर नव्हती.

पानांच्या फटीतून वाट दिसत होती. पुढच्या वळणावर राजश्री थांबली होती. तिने मागे वळून, हसून, मागच्या माणसाला हात पुढे केला. तिथे चिखल होता, चढ होता. म्हाताऱ्या बापाला धरायला तिने हात केला होता.

माणूस पाठमोरा होता. खांद्यावर निळ्या काठाची चादर. चाल जरा वाकलेली, मल्लेशसारखीच, कारण सगळे विणकर म्हातारपणी तसेच चालतात. त्याने चादरीतून हात बाहेर काढून राजश्रीच्या हातात दिला.

त्या हाताला तीन बोटं होती.

राजश्रीने तो हात धरला, नीट धरला, आणि चढ चढू लागली. तिला काही वेगळं वाटलं नाही. निदान तिने खाली बघितलं नाही.

मल्लेशने तोंड उघडलं. ओरडला की नाही, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. आठ मागांच्या आवाजात कोण कुणाला ऐकणार? मग त्याने एक पाय उचलला. उचलला आणि तिथेच ठेवला. डावीकडे काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, त्याची मान तिकडे गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आणि कंबर किंचित वाकली.

कुणी येईपर्यंत जागा सोडायची नाही. त्याने एकदा सोडली होती. आता त्याला सोडायची होती तर पाय ऐकत नव्हते.

वळणावर ईश्वर थांबून माणसं मोजत होता. एक, दोन. बरोबर होती. ते पुढे गेले.

६

तेव्हापासून किती पावसाळे झाले, हे मल्लेशला सांगता येत नाही. मागांवर उभ्या असलेल्या माणसाला दिवस कळत नाहीत.

वाटेवरून माणसं जातात. ओळीने, गप्प, मान वर करून. मल्लेश प्रत्येकाला खूण करतो. दोन बोटं डोळ्यांपाशी, मग झाडांकडे. जरा बघ, आलोच. बहुतेकांना तो दिसतच नाही. एखाद्याला दिसतो. मग तो हसतो आणि मल्लेशला हात हलवून दाखवतो. सोलापूरचेही येतात, खांद्यावरच्या टॉवेलवरून त्याला ओळखू येतात. पण त्यातलं कुणी तिशीच्या पुढचं नसतं. त्यांनी माग बघितलेला नसतो. तेही हात हलवतात आणि पुढे जातात. ही खूण कळणारी माणसं सोलापुरात आता उरली तरी किती असतील? आणि जी उरली असतील त्यांच्या गुडघ्यांना हा डोंगर चढवत नाही.

मग एका सकाळी राजश्री आली.

एकटी होती. ईश्वर खूप पुढे होता. तिच्या केसांत पांढरे दिसत होते आणि ती वाळली होती. का आली, घरी काय चाललंय, तीन बोटांचा तो हात रोज ताटावर बघून तिच्या मनात काय येतं, हे मल्लेशला कळायला काही मार्ग नव्हता. ती त्याच वळणावर थांबली. झाडामागून झाड बघत तिची नजर पाखांपाशी आली आणि तिथेच राहिली.

हळूच, कुणी बघत नाही ना हे बघून, तिने पाची बोटं जुळवली आणि तोंडापाशी नेली.

डबा आणलाय.

अख्ख्या जगात ही एक पोर होती जिला सगळ्या खुणा पाठ होत्या. मल्लेशची दोन बोटं त्याच्याही आधी उठली आणि डोळ्यांपाशी पोचली. आता नुसती वळवायची राहिली. राजश्री मूठ टेकवणार, हे त्याला ठाऊक होतं. विचार न करता टेकवणार, नऊ वर्षांची असताना टेकवायची तशी. मग तो मोकळा. मग ऊन, सोलापूर, घर. आणि घरात राजश्री नाही.

राजश्रीचा दुसरा हात छातीपाशी आला होता. मूठ अर्धी वळली होती. ती वाट बघत होती.

आठ माग चालू होते.

मल्लेशने ती दोन बोटं डाव्या हाताच्या मुठीत आवळून धरली, आणि राजश्री वळणाआड जाईपर्यंत सोडली नाहीत.